पत्त्याची ठेव

‘राहता कुठे?’ हा प्रश्न रायपुरात एक मराठी माणूस दुसऱ्या मराठी माणसाला विचारतो, तेव्हा त्यात चौकशीपेक्षा आपुलकीच अधिक असते. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून या ना त्या निमित्ताने इकडे येऊन स्थिरावलेली ही कुटुंबे. त्यांना एकमेकांचे ठावठिकाणे ठाऊक असणे हाच एक आधार असतो. उत्तरही तितक्याच मोकळेपणाने येते. कुणी लाखे नगर सांगतो, कुणी बुढा तलावाजवळची सप्रे शाळा सांगून तिथून पुढची वळणे सांगतो. पत्ता सांगणे म्हणजे ‘या एकदा’ म्हणणे. सुभाषितकारांनी माणसाने गुप्त राखाव्यात अशा नऊ गोष्टी सांगितल्या आहेत. वय, धन, घरातील उणिवा, मंत्र, औषध, दान, अपमान हे सारे त्या यादीत येते. घराचा पत्ता मात्र येत नाही. येण्याचे कारणही नव्हते. ज्या समाजात विचारणारा समोर उभा असतो आणि त्याचेही घर आपल्याला माहीत असते, त्या समाजात पत्ता झाकून ठेवण्याचे प्रयोजनच उरत नाही.

हाच प्रश्न एखादा छापील रकाना विचारतो, तेव्हा त्याचे स्वरूप पालटते. विचारणारा दिसत नाही आणि उत्तर कुणाच्या कानी जाणार हेही कळत नाही. हा पालट माझ्या ध्यानात आला तो माझ्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे. ती चूक सांगितल्याशिवाय पुढील विवेचनाला अर्थ राहणार नाही.

माझ्या परिचयाच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांना मी ताई म्हणतो. छत्तीसगडच्या खेड्यांतून ज्या स्त्रियांवर ‘टोनही’ असल्याचा, म्हणजे चेटूक करीत असल्याचा आळ येतो, त्यांच्या हकीकती ताई कित्येक वर्षे लिहून घेत आल्या. या राज्याने 2005 साली टोनही प्रताडनेविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. त्याचे एक वैशिष्ट्य असे, की एखाद्या स्त्रीकडे बोट दाखवून तिला टोनही ठरवणे हाच त्याने शिक्षापात्र गुन्हा मानला. नुसते नाव घेतल्यानेही माणसाचे आयुष्य उद्ध्वस्त होते, हे त्या कायद्याने ओळखले. ताईंना ते कायद्याच्या आधीच उमगले होते. प्रत्येक हकीकतीत त्यांनी स्त्रीचे नाव बदलले होते, गावाचे बदलले होते. घरासमोरच्या झाडाने गाव ओळखू येईल अशी शंका आली, तर झाडही बदलले होते.

2016 साली या हकीकती संकेतस्थळावर ठेवाव्यात असे ठरले आणि त्याची तांत्रिक बाजू मी आपणहून अंगावर घेतली. संकेतस्थळाला नाव लागते. ते विकत मिळत नाही. ठरावीक वर्षांच्या मुदतीने, एखाद्या रजिस्ट्रारमार्फत, आपल्या नावे नोंदवून घ्यावे लागते. मी सर्वांत स्वस्त रजिस्ट्रार निवडला. त्याच्या अर्जात नाव, राहता पत्ता, दूरध्वनी क्रमांक असे रकाने होते. खाली एक चौकोन होता. वर्षाला काही रुपये अधिक भरल्यास हा तपशील गोपनीय राखू, असे त्याशेजारी लिहिले होते. मी तो चौकोन रिकामा सोडला. पैसे वाचवणे हे एक कारण होतेच. पण चांगल्या कामाला लपवाछपवी हवी कशाला, असाही एक विचार त्या वेळी मनात येऊन गेल्याचे मला स्पष्ट आठवते. तो विचार मला तेव्हा उदात्त वाटला होता. उघडे पडणार होते ते माझे घर नव्हते, एवढी एकच गोष्ट त्यात मी विसरलो होतो.

पहिल्या आठवड्यात संकेतस्थळे सजवून देणाऱ्यांचे फोन येऊ लागले. ते हसण्यावारी गेले. तीनेक महिन्यांनी एका रात्री ताईंना एक फोन आला. पलीकडच्या माणसाने त्यांचा पत्ता, घरक्रमांकापासून पिनकोडापर्यंत, सावकाश वाचून दाखवला आणि फोन ठेवून दिला. त्यात धमकीचा एकही शब्द नव्हता. अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्यभर झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात भल्या सकाळी, रोजच्या फिरण्याच्या वाटेवर हत्या झाली, त्याला तेव्हा तीन वर्षे होत होती. दुसऱ्या दिवशी मी गेलो, तेव्हा ताई मला रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “पत्ता तुम्ही मागितलात म्हणून मी तुम्हाला दिला. तो आणखी कुणाकुणाला देणार, हे तुम्ही सांगितलं नव्हतंत.”

या दोन वाक्यांत गोपनीयतेचा अवघा नैतिक प्रश्न सामावला आहे, असे मला वाटते. एकाला सांगणे म्हणजे सर्वांना सांगणे नव्हे. माजघरात बोललेली गोष्ट चव्हाट्यावर गेली, तर ती खोटी ठरत नाही; पण जिने सांगितली तिचा विश्वासघात होतो. मग प्रश्न असा, की संकेतस्थळांच्या नोंदवहीने हा विश्वासघात नियम म्हणून कसा स्वीकारला?

याचे उत्तर तिच्या जन्मात आहे. ‘हू इज’ म्हणजे ‘कोण आहे’ या नावाची ही पद्धत 1982 साली लेखी स्वरूपात आली. तेव्हा अमेरिकेतील काही विद्यापीठे, संशोधनसंस्था व संरक्षण खाते यांचे मिळून काही शे संगणकच त्या जाळ्याला जोडलेले होते. कुठे बिघाड झाला, तर पलीकडे कुणाला विचारायचे यासाठी ती यादी होती. आपल्या महाराष्ट्र मंडळासारखी एखादी संस्था सभासदांची नावे, पत्ते व दूरध्वनी छापून घरोघर देते, तिच्या जातीचीच ती परिचयपुस्तिका होती. यादीतला प्रत्येकजण यादी वाचणाऱ्यालाही ओळखत होता. पुढे जाळे जगभर पसरले, 1998 साली नावांची व्यवस्था पाहण्यासाठी ‘आयकॅन’ ही संस्था स्थापन झाली, आणि यादीचा नियम मात्र तसाच पुढे चालू राहिला. मंडळाची सभासदसूची रेल्वेच्या फलाटावर नेऊन टांगावी, तसे झाले. सूचीत एक अक्षर बदलले नव्हते. वाचणारे बदलले होते.

येथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. जो जाहीरपणे बोलतो, त्याने आपले नाव-गाव जाहीर करू नये काय? आपल्याकडे ही अपेक्षा संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. 1867 च्या मुद्रणालये व पुस्तकनोंदणी कायद्याने प्रत्येक पुस्तकावर व वृत्तपत्रावर मुद्रकाचे नाव आणि मुद्रणस्थळ छापणे बंधनकारक केले. मुद्रक व प्रकाशक यांना दंडाधिकाऱ्यापुढे प्रतिज्ञापत्र करावे लागे. वृत्तपत्रांच्या बाबतीत त्याची जागा घेणारा 2023 चा नवा कायदा मार्च 2024 पासून अमलात आला आहे. माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर यांनी जानेवारी 1900 मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले व वामन बळीराम लाखे त्याचे प्रकाशक झाले, ते याच कायद्याच्या छायेत. सप्रे शाळा आणि लाखे नगर या खुणांनी आज आपण आपले पत्ते सांगतो, ती नावे या दोघांचीच. सप्रे पुढे नागपुरास ‘हिंदी केसरी’ चालवू लागले आणि 1908 च्या ऑगस्टमध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. त्याआधी, 15 जून 1897 च्या ‘केसरी’त ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता आली होती, ती ‘भवानी तलवारीची खूण’ अशा सहीने. खटला उभा राहिला तेव्हा कायद्याने ही सही कुणाची याचा पाठपुरावा करीत बसण्यापेक्षा ज्यांची नावे दप्तरात होती, त्यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. मुद्रक केशव महादेव बाळ निर्दोष सुटले.

त्या कायद्याचा हेतू निर्मळ होता, असे कुणी म्हणणार नाही. परक्या सत्तेला बोलणाऱ्याची मान कुठे धरायची हे ठाऊक असावे, यासाठी तो होता. तरीही त्या करड्या कायद्यातही एक मर्यादा होती. प्रतिज्ञापत्र कुणापुढे करावयाचे ते ठाऊक होते. अंकावर छापला जाई तो पत्ता छापखान्याचा वा कचेरीचा असे. ज्याला भांडायचे असेल, त्याने दिवसाउजेडी कचेरीच्या दारात यावे. लेखकाला तर टोपणनावाची मुभा होती. ‘बी’ म्हणजे नारायण मुरलीधर गुप्ते आणि ‘गोविंदाग्रज’ म्हणजे राम गणेश गडकरी, हे संपादकाला ठाऊक असावे आणि वाचकाला सवडीने कळावे, यात कुणाला लबाडी दिसली नाही. संपादक हा त्या नावाचा राखणदार असे. कायद्यापुढे तो उत्तर देई आणि त्याच्या आडोशाला लेखक लिही.

म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या करावयास हव्यात. उत्तरदायी असणे ही एक, आणि उघड्यावर असणे ही दुसरी. उत्तरदायी माणूस योग्य कारणासाठी, योग्य मार्गाने, योग्य व्यक्तीला गाठता येतो. उघड्यावरचा माणूस कुणालाही, केव्हाही, कोणत्याही कारणासाठी गाठता येतो. पहिल्या गोष्टीचा आग्रह धरण्याचा समाजाला हक्क आहे. दुसरीचा आग्रह धरण्याचा हक्क कुणालाही नाही.

आक्षेपाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नामांकित कंपन्यांच्या नावांशी मिळतीजुळती नावे नोंदवून एजन्सीच्या वा नोकरीच्या आमिषाने लोकांचे पैसे लुबाडणारे आपल्या देशात थोडे नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयापुढे आलेल्या अशा खटल्यांतून, नोंदणी करणाऱ्याचे नाव झाकलेले असल्याने चोर सापडत नाही, हे गाऱ्हाणे वारंवार मांडले गेले. ज्याची आयुष्याची पुंजी गेली, त्याला गोपनीयतेची महती सांगणे निर्दयपणाचे ठरेल. परंतु उघड्या नोंदवहीने चोर पकडला जातो काय? फसवणूक करायलाच बसलेला माणूस आपला खरा पत्ता लिहीत नाही. खोटा तपशील दिल्यास नाव काढून घेण्याची तरतूद नियमांत होती; पण चोराला एक नाव गेले तर दुसरे घेता येते. खरा पत्ता लिहितो तो सज्जन. म्हणजे या पद्धतीत खोटे सांगणारा सुरक्षित राही आणि खरे सांगणाऱ्याचे दार सताड उघडे पडे. ज्या नियमाने सत्याला दंड आणि असत्याला अभय मिळते, तो नियम पारदर्शकतेच्या नावाखाली असत्याचीच शिकवण देतो. ताईंचा पत्ता खरा होता, हाच त्यांचा अपराध ठरला.

मे 2018 मध्ये युरोपीय संघाचा माहितीसंरक्षणाचा नियम अमलात आला आणि ही जुनी व्यवस्था हलली. राहते पत्ते व दूरध्वनी जाहीर नोंदीतून बहुतांशी झाकले गेले. जानेवारी 2025 मध्ये तर बहुतेक जागतिक नावांपुरती ‘हू इज’ची सक्तीच संपली आणि अधिक नियंत्रित पद्धत तिच्या जागी आली. त्या मे महिन्यातच जर्मनीत एक उद्बोधक खटला उभा राहिला. बॉन शहरातील एपाग नावाच्या रजिस्ट्रारने ‘आयकॅन’ला कळवले, की नाव घेणाऱ्याशिवाय आणखी दोन संपर्क-व्यक्तींचा तपशील आम्ही यापुढे गोळाच करणार नाही, कारण त्याची आम्हाला गरज नाही. ‘आयकॅन’ने त्याला न्यायालयात खेचले. बॉनच्या न्यायालयाने हा तपशील गोळा करण्याची सक्ती करण्यास नकार दिला. अपिलातही ‘आयकॅन’च्या हाती काही लागले नाही. मला या खटल्यातील न्यायालयापेक्षा तो रजिस्ट्रार अधिक विचार करण्याजोगा वाटतो. त्याने ‘मी गुपित राखीन’ असे म्हटले नाही. ‘मी विचारणारच नाही’ असे म्हटले. जे घेतलेच नाही, ते चोरीला जात नाही, विकले जात नाही आणि दडपणाखाली द्यावेही लागत नाही.

मात्र झाकणे म्हणजे राखणे, अशीही समजूत नसावी. रजिस्टरफ्लाय नावाच्या एका अमेरिकी रजिस्ट्रारचा कारभार कोसळला आणि 2007 साली त्याची मान्यता काढून घेण्यात आली. नावे दुसरीकडे हलवण्याची वेळ आली, तेव्हा ज्यांनी पैसे भरून आपली ओळख त्याच्याच गोपनीयता-सेवेआड ठेवली होती, त्यांची विशेष अडचण झाली. नोंदीत त्यांचे नावच नव्हते. अशा व्यवस्थेत कागदोपत्री मालक प्रतिनिधी असतो, आणि खरा मालक कोण हे सांगणारा साक्षीदार तोच. साक्षीदारच बुडाला, तर मालकीही बुडते. गोपनीयता आपल्याला विश्वासातून मुक्त करीत नाही. उलट अनेकांवर विखुरलेला आपला विश्वास ती एका माणसावर आणून ठेवते. म्हणूनच तो माणूस निवडण्याला नैतिक वजन येते.

आपल्या परंपरेत या संबंधाला नाव आहे. व्यवहाराची जी अठरा पदे धर्मशास्त्राने सांगितली, त्यांत ऋणानंतर दुसरेच पद निक्षेपाचे, म्हणजे ठेवीचे आहे. उपनिधी हा तिचाच एक प्रकार. आत काय आहे ते न सांगता, मोहोर करून सोपवलेली वस्तू. ती जशी दिली तशीच परत द्यायची, मोहोर फोडायची नाही, ठेवीचा स्वतःसाठी वापर करायचा नाही. ठेव कुणाकडे ठेवावी याचीही लक्षणे मनुस्मृतीने दिली आहेत. ज्या ग्रंथाचे दहन महाडला 25 डिसेंबर 1927 रोजी झाले, त्याच्याकडून आज काही घ्यायचे ते पारखूनच घ्यावे लागते. कुलीन असावा, गणगोत मोठे असावे, या अटी त्या समाजाबरोबर जाऊ द्याव्यात. तो सदाचारी असावा, सत्य बोलणारा असावा आणि ठेव बुडाल्यास भरून देण्याची ऐपत असणारा असावा, एवढे शिल्लक ठेवले तरी पुरे आहे.

पत्ता ही अशी ठेव मानली, तर रजिस्ट्रार निवडताना विचारायचे प्रश्न आपोआप सुचतात. तो गरजेपेक्षा अधिक काही मागतो काय? झाकून ठेवणे हा त्याचा रिवाज आहे, की तो त्यासाठी वेगळा मोबदला मागतो? जो मोहोर न फोडण्याचे पैसे मागतो, त्याने मोहोर फोडणे हाच आपला सहजधर्म मानला आहे. आपण घेतलेले नाव आपल्याच नावे राहते, की त्याच्या? पत्ता मागायला कुणी आले, तर वकिलाच्या नुसत्या पत्राने तो दप्तर उघडतो, की न्यायालयाचा आदेश पाहतो? आणि उघडावेच लागले, तर ज्याची ठेव आहे त्याला कळवतो काय? या शेवटच्या प्रश्नाला मी सर्वाधिक महत्त्व देतो. कायद्यापुढे दप्तर उघडणारा रजिस्ट्रार विश्वासघातकी नव्हे; फसल्या गेलेल्याचाही त्याच्यावर हक्क आहे. गुपचूप उघडणारा मात्र विश्वासघातकीच. आपल्या देशाच्या ‘डॉट इन’ नावांना प्रतिनिधीच्या नावाआड नोंदणी करण्याची मुभा नाही; तेव्हा तिथे तर रजिस्ट्रारचे शील हाच मुख्य आडोसा.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला, आणि 2023 साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला. सांगितलेल्या कारणासाठीच माहिती घ्यावी, हे त्याचे मूळ तत्त्व आहे. ताईंनी ते मला त्याआधीच दोन वाक्यांत सांगितले होते.

कारण या साऱ्या विचारांती मला एक गोष्ट टाळता येत नाही. तो स्वस्त रजिस्ट्रार दुसरा होता. पहिला मीच होतो. ताईंनी पत्ता दिला तो मला; एका अर्जापुढे बसून मी तो जगाला दिला. पुढे मी ते नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवले आणि नोंद झाकून घेतली. परंतु जुन्या नोंदींच्या प्रती साठवून विकण्याचाही व्यवसाय आहे. ठेव एकदा उधळली गेली, की परत करता येत नाही. ताईंनी घर बदलले नाही. हकीकती आजही त्या संकेतस्थळावर आहेत आणि नवी स्त्री आली, की वही उघडण्यापूर्वी त्या तिला आधी विचारतात, “हे मी कुणाकुणाला सांगू?”

मध्यंतरी एका छोट्या वाचनालयासाठी असेच एक नाव नोंदवण्याचे काम माझ्याकडे आले. चिटणीसांचा पत्ता मला पाठ होता. तरी मी त्यांच्या घरी गेलो. तो कोणत्या नोंदीत जाईल, तिथे कुणाला दिसेल, कुणाच्या मागणीवरून द्यावा लागेल, हे सारे त्यांना आधी समजावून सांगितले. त्यांना माझा हा सोपस्कार जरा फाजील वाटला असावा. थोडा वेळ विचार करून त्यांनी स्वतःचा पत्ता न देता वाचनालयाचा दिला आणि चहा ठेवायला आत गेले.